तोटीच्या पोटात

मोहफुलांवरच्या मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी कळवलं, की बाई, आता तेंदूपत्त्यावर लिहा. लिहीन नक्की. पण सध्या माझं डोकं आमच्या न्हाणीघरातल्या शॉवरने व्यापलंय, आणि ते एकदा रिकामं केल्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. तेव्हा आजचा विषय जरा ओला आहे. सांभाळून घ्या.

बी. ए. ला मराठी वाङ्मय घेतलेल्या आणि ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पाढे, कविता आणि शिवाजी महाराज शिकवलेल्या बाईने वयाच्या ७४ व्या वर्षी पाना-पक्कड का हातात घ्यावी, असं कुणीही विचारेल. पुण्याला असलेल्या आमच्या चिरंजिवांनी तर विचारलंच. त्याचं उत्तर थोडं लांबून द्यावं लागेल.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे माझ्या पिढीला शॉवर ही हौसेची वस्तू. आम्ही आधी नदीवर, मग विहिरीवर आणि मग बादली-लोट्यावर आंघोळ केलेली माणसं. घर बांधलं तेव्हा कामगाराने विचारलं, "शॉवरचा पाइप काढून ठेवू काय?" ह्यांनी सांगितलं, "ठेव काढून, जास्तीचे पैसे लागत नसतील तर." पुढे कितीतरी वर्षं भिंतीतून बाहेर आलेल्या त्या नळीला बूच लावलेलं होतं आणि ह्यांचा टॉवेल तिच्यावर वाळत असे. शॉवरचा तेवढाच उपयोग.

चार वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. औषधं आणि व्यायाम, दोन्ही मन लावून केलं. आता काठी धरून अंगणात फिरतात, बोलणं स्वच्छ आहे, पेपरातलं शब्दकोडं डाव्या हाताने सोडवतात. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि वाकलं की तोल जातो. आता बादली-लोट्याची आंघोळ म्हणजे दुसरं काय असतं? वाकायचं आणि उचलायचं. पहिले काही महिने मीच आंघोळ घालत होते. माणूस अगदी आजारी असतो तेव्हा त्याचं काही वाटत नाही. पण बरा व्हायला लागला की वाटू लागतं. वनखात्यात राहून आयुष्यभर जंगल तुडवलेला हा माणूस स्टुलावर डोळे मिटून बसायचा. एक शब्द बोलायचा नाही. मीही बोलायची नाही.

मग त्या नळीचं बूच निघालं. वॉल मिक्सर बसवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डावीकडे गरम पाण्याची लाल खुणेची मूठ, उजवीकडे गार पाण्याची निळ्या खुणेची, आणि मधे एक मूठ, जी पाणी खालच्या तोटीत सोडायचं की वरच्या शॉवरमध्ये ते ठरवते. भिंतीला धरायला दोन दांडे लावले, खाली प्लास्टिकची पक्की खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी ह्यांनी दार आतून ओढून घेतलं आणि पंचवीस मिनिटं बाहेर आले नाहीत. मी दाराशी उभी. आतून जोरात खाकरल्याचा आवाज आला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

थोडक्यात, आमच्या घरी शॉवर ही चैन नाही. एका माणसाला आपली आंघोळ आपण करता येते ती त्याच्यामुळे.

यंदा एप्रिलच्या शेवटी ह्या मिक्सरला एकदम तीन दुखणी लागली. लाल मूठ इतकी घट्ट झाली की मलाच दोन्ही हात लावावे लागत. ह्यांच्या डाव्या हाताच्या पकडीला तर ती दादच देईना. निळी मूठ पूर्ण बंद केली तरी शॉवरमधून थेंब थेंब चालू. आणि शॉवरची चाळणी अर्धी बुजलेली, त्यामुळे पाणी डोक्यावर पडायच्या ऐवजी तिरपं भिंतीवर.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या उन्हाळ्याचं एक गुपित सांगते. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ च्या घरात जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर चहाला चालेल इतकं तापतं. म्हणून आम्ही उन्हाळ्यात गीझरचं बटण बंद ठेवतो. गीझर घराच्या आत असतो, त्यातलं पाणी त्या मानाने निवतं. मग लाल मूठ फिरवली की गार पाणी आणि निळी फिरवली की गरम! पाहुणे गोंधळतात. गंमत सोडा, पण ह्याचा अर्थ असा की ऐन मे महिन्यात आमच्याकडे लाल मुठीशिवाय भागत नाही, आणि नेमकी तीच अडली.

ह्यांनी मला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं म्हणाले, "आज आंघोळ राहू दे. काही घाम-बिम आला नाही." चंद्रपुरात! मे महिन्यात!

प्लंबरला फोन केले. दिवस लग्नांचे आणि बांधकामांचे. "येतो बाई, उद्या सकाळी येतो," असं करता करता नऊ दिवस गेले. त्याचाही मी राग धरत नाही. नव्या इमारतीतली दहा बाथरूमं सोडून त्याने एका गळक्या शॉवरसाठी का यावं? दुसरा एक आला, त्याने मूठ एकदा इकडे एकदा तिकडे केली आणि मिक्सर न उघडताच निकाल दिला: "पुरा मिक्सरच बदलून टाका बाई." खर्च साडेतीन हजार, शिवाय एखादी टाइल फुटली तर ती वेगळी. मी म्हटलं, उघडून तर बघा. तर म्हणाला, "उघडून का फायदा? कंपनीचा माल असते, आत काई नाई राहत."

आत काही नाही? ह्या वाक्याने मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कारण आत काय असतं ते मी फार वर्षांपूर्वी एका बोरिंगवर पाहिलेलं होतं.

आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात होते. शाळेच्या आवाराला लागून बोरिंग होतं आणि उन्हाळ्यात अर्धं गाव त्याच्यावर. ते बिघडलं की बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने गुंडी भरत. एका मे महिन्यात ते बंद पडलं. खूप दिवसांनी दुरुस्तीची माणसं लोखंडी तिपाई, साखळ्या आणि पाने घेऊन आली. एकामागून एक पाइप वर ओढले. सगळ्यात शेवटी सिलिंडर निघाला, त्याच्या आत दट्ट्या, आणि दट्ट्याला वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर. मेकॅनिकने झिजलेला वायसर माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, पोरायले दाखवा हे. एवढासा वायसर घासला अन् सारा गाव पान्याले मोताद झाला." तो वायसर पुढे कितीतरी वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होता. विज्ञानाच्या तासाला मी तो वर्गात फिरवायची.

ह्या बोरिंगचा इतिहास पुढे वाचनात आला तेव्हा तर मला फारच आनंद झाला. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराचे होते. अख्खं गाव दिवसभर त्यावर पाणी भरू लागलं की ते मोडून पडत. मग जालन्याला मिशनच्या पाण्याच्या कामातून मजबूत असा 'जालना पंप' तयार झाला. पुढे सोलापूरला ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी तो आणखी सुधारला, तो 'सोलापूर पंप'. त्याच्याच आधाराने १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप घडला, आणि तो पुढे आफ्रिकेपर्यंत पोचला. म्हणजे जगभर गेलेल्या ह्या पंपाचं माहेर आपल्या जालना-सोलापुरात!

मार्क टू मजबूत होता, पण त्याची एक अडचण होती. आतला वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी तिपाई आणि चार-पाच माणसं हवीत, म्हणजे पुन्हा तालुक्याहून गाडी येण्याची वाट बघणं आलं. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्यात पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर ओढून काढता येतो. गावातल्या गावात दुरुस्ती व्हावी, हा त्यामागचा हेतू. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून गावच्या बायकांना हातपंप दुरुस्तीचं शिक्षण दिलं गेलं. त्यातल्या पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या पाने घेऊन सायकलवर गावोगाव जाऊ लागल्या. माझ्याजवळ तर बी. ए. ची पदवी होती. मग एक मूठ उघडायला काय हरकत?

तर मंडळी, आता प्रत्यक्ष काम. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडले तरी चालेल. पण शक्यतो सोडू नका.

सगळ्यात आधी नुसतं बघायचं. पेन घेऊन मी पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं. बंद केल्यावरही तोटीतून किंवा शॉवरमधून ठिबकतं? मग पाणी अडवणारा भाग झिजलाय. चालू असताना मुठीच्या मुळाशी पाणी झिरपतं? मग दांड्याभोवतीचं रबर गेलंय. शॉवरला धार नाही पण खालच्या तोटीला भरपूर आहे? मग दोष बहुधा चाळणीत. फक्त गरम बाजूचीच धार कमी? मग गीझरच्या बाजूला कुठेतरी अडलंय. घरातल्या सगळ्याच नळांना धार नाही? मग मिक्सरला हात लावू नका, गच्चीवर जा. एवढं लिहिलं की अर्धं दुखणं कळतं. डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, मग सुई काढतात.

दुसरं, बंद करणं. आधी गीझरचं बटण बंद. भिंतीवरचं मोठं बटण, नुसतं थर्मोस्टॅट नव्हे. मग गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह. हे गोल चाकाचे जुने व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी फिरवलेले नसतात. जोर केला तर आतली दांडी मोडते, आणि मग घरभर पाणी. म्हणून थोडं पुढे, थोडं मागे, असं चुचकारत फिरवायचं. नंतर खालचे सगळे नळ उघडून नळीत उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. तिसरं, मोरीच्या जाळीवर जुनं फडकं पसरायचं, कारण सुटा स्क्रू हा नेहमी मोरीकडेच धावतो.

मुठीवरचं लाल टोपण चाकूच्या टोकाने उचललं की खाली स्क्रू दिसतो. तो काढला की मूठ हातात येते. तिच्यामागची चकती फिरवून काढली की पितळी स्पिंडल दिसतो. त्याला पाना लावायच्या आधी पान्याच्या जबड्यात कापड ठेवायचं, म्हणजे चकाकी जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या पान्याने मिक्सरचं अंग घट्ट धरायचं. नाहीतर स्पिंडलबरोबर भिंतीतला पाइपही फिरतो, आणि मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. मी मिक्सर धरला, आणि ह्यांनी खुर्चीत बसून डाव्या हाताने विजेरी धरली. पहिला 'कट्' असा आवाज आला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

स्पिंडल बाहेर आला. आत काय होतं? चामड्याचा वायसर नव्हता. पाव फेरा फिरणाऱ्या ह्या नव्या तोट्यांत दोन चकत्या असतात, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या, पण फार कठीण आणि घोटून आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या. एक स्थिर, एक मुठीबरोबर फिरणारी. दोन्हींतली भोकं समोरासमोर आली की पाणी वाहतं, सरकली की थांबतं. खाली एक रबरी कडं. बस. जात्याच्या दोन तळ्या आठवा. चामडं जाऊन चकती आली, पण तोटीच्या पोटात अजूनही तेच आहे, एक भोक आणि ते बुजवणारी एक वस्तू.

लाल बाजूच्या स्पिंडलवर पांढरा, खडबडीत थर चढला होता. बोअरच्या जड पाण्यातले क्षार. हे पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो. म्हणून गरम बाजू आधी अडते. आणि हे कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे परकी चीज नव्हे. आमच्या जिल्ह्यात गडचांदूरला, आवारपूरला सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर उभे राहिले, ती चुनखडी मुख्यतः ह्याचीच. बारीकसा सिमेंट कारखानाच आमच्या तोटीत चालू होता म्हणा ना!

त्यावर उपाय स्वयंपाकघरातला. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दोन चमचे कोमट पाण्यात घालून स्पिंडल त्यात ठेवला. बुडबुडे येऊ लागले. आंबट आणि चुना भेटले की कर्ब वायू सुटतो, हा सातवीच्या वर्गातला प्रयोग. तासाभरात थर निघाला, उरलेला जुन्या दातांच्या ब्रशने. संडासात टाकायचं जहाल ॲसिड मात्र अजिबात वापरायचं नाही. ते वरचा मुलामा खातं आणि पितळही खातं. शॉवरच्या चाळणीला हेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून, रबराने बांधून रात्रभर लावून ठेवलं. सकाळी भोकांतून सुई फिरवली.

मग दांड्यावरच्या रबरी कड्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावलं. खोबरेल नाही, व्हॅसलीनही नाही. व्हॅसलीनने पुष्कळदा रबर फुगतं. परत बसवताना आधी स्पिंडलशिवायच गच्चीवरचा व्हॉल्व्ह क्षणभर अलगद उघडून (आमच्या शेजारच्या नातवाला वर उभा केला होता) नळीतला कचरा बाहेर जाऊ दिला. नाहीतर वाळूचा एक कण पुन्हा चकतीत जाऊन बसायचा.

निळ्या बाजूची गोष्ट वेगळी निघाली. तिथे चकतीवरून नख फिरवलं तर एक बारीक ओरखडा लागत होता. वाळूने कापलेली. ती धुऊन सुधारणारी नव्हती. तो स्पिंडल रुमालात बांधून मी गावात हार्डवेअरच्या दुकानात गेले. गल्ल्यावरचा गृहस्थ चष्म्यातून बघत उभाच राहिला. "बाई, तुम्ही? मी तुमच्या हातचा मार खाल्ला आहे चौथीत." (मी मारत नसे. पण प्रत्येक विद्यार्थ्याला आपण मार खाल्ल्याचं आठवतं.) त्याला वाटलं, मी कुणा मिस्त्रीसाठी सामान न्यायला आले. मी रुमाल सोडला आणि सांगितलं, "ह्याच्या दात्यांची संख्या आणि लांबी जुळव. आणि हा उजवीकडचा आहे, तेव्हा फिरायची दिशाही बघून दे." कारण लाल आणि निळ्या बाजूचे स्पिंडल पुष्कळदा उलट दिशांनी फिरतात. म्हणून जुना नग बरोबर नेल्याशिवाय दुकानात जाऊ नये. त्याने सहा डबे उघडले, सातव्यात जोड सापडला. पैसे घेईना. मी घ्यायला लावले. स्पिंडल, लिंबूफूल, ग्रीस आणि टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी, सगळं मिळून ४३५ रुपये.

शॉवरची नळी काढली होती, तिच्या आट्यांवर टेप गुंडाळला. तो आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळायचा. उलट गुंडाळला तर आवळताना उलगडून येतो.

संध्याकाळी ह्यांनी खुर्चीत बसून लाल मूठ दोन बोटांनी फिरवली. फिरली. बंद केली. पुन्हा उघडली. असं चार-पाच वेळा. मला म्हणाले, "तू जा आता बाहेर." त्या दिवशी आंघोळीला अर्धा तास लागला. मी दाराशी उभी राहिले नाही, अंगणात जाऊन बसले.

आता थोडा हिशेब. दुरुस्तीच्या आधी मी निळ्या बाजूचा थेंब मोजला होता. खोकल्याच्या औषधाचं १० मिलिलिटरचं झाकण खाली धरलं. ६० थेंबांत भरलं. थेंब सेकंदाला एक. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला १४ लिटर ४०० मिलिलिटर, महिन्याला ४३२ लिटर. १४ लिटर म्हणजे झिऱ्यावरून डोक्यावर आणलेली एक भरलेली मोठी गुंडी, रोज, मोरीत.

ह्या थेंबाच्या हिशेबावरून एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 'धर्मयुग' वाचलेल्यांना त्यातले 'ढब्बूजी' आठवत असतील, आणि इंद्रजाल कॉमिक्समधला 'बहादूर'. त्यांचे जनक आबिद सुरती. मुंबईत डोंगरी भागात त्यांचं बालपण गेलं, पाण्याच्या रांगा त्यांनी लहानपणीच पाहिलेल्या. एका मित्राच्या घरी नळ ठिबकत होता. मित्र म्हणाला, एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही. (बघा, मुंबईतही तेच!) तेव्हा २००७ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, सुरतींनी मीरा रोडला एक काम सुरू केलं. दर रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती बरोबर घ्यायची, एखाद्या इमारतीत दारोदार जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. उत्तर प्रदेशच्या हिंदी साहित्य संस्थेकडून मिळालेला एक लाखाचा पुरस्कार त्यांनी ह्यात घातला. संस्थेचं नाव 'ड्रॉप डेड फाउंडेशन'. पहिल्या वर्षी १,६६६ घरं पाहिली आणि ४१४ नळ नीट केले, असं छापून आलं होतं. बहुतेक ठिकाणी बदलावा लागला तो एक स्वस्तातला वायसर. त्यांनी वाचलेला थेंबांचा हिशेब महिन्याला हजार लिटरचा होता. माझ्या झाकणाचा हिशेब त्याहून कमी येतो. थेंब लहान-मोठा असतो, त्यावरून वाद नको. ४३२ लिटर काही थोडे नव्हेत.

आता आमच्या चिरंजिवांसाठी आणि भाच्यांसाठी चार शब्द. आई स्टुलावर चढली का? नाही. शॉवरची नळी काढायला शेजारचा मुलगा चढला. सगळंच घरी करावं का? तेही नाही. भिंतीला ओल येत असेल, पाना लावताच भिंतीतला पाइप हलत असेल, किंवा गीझरमध्येच बिघाड असेल, तर जाणत्या माणसालाच बोलवावं आणि त्याची वाट बघावी. पण तो आला की त्याच्याजवळ उभं राहून बघावं. काढलेला भाग मागून घ्यावा, हातात धरून पाहावा. आपण वापरतो त्या वस्तूच्या पोटात काय आहे हे माहीत असलं, की निदान "आत काही नसतं" म्हणणाऱ्याला तरी आपण ऐकत बसत नाही.

आणि एक गृहपाठ. मास्तरीण आहे, तेव्हा तो द्यावाच लागणार. तुमच्या घरातलं पाणी बंद करायची मुख्य चावी कुठे आहे, ते आज उठून पाहून या. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायका-मुलांना, ती दाखवा. हलक्या हाताने अर्धा फेरा फिरवून बघा, फिरते का. न फिरली तर आत्ताच काय ते करा, रात्री दोन वाजता नळी फुटण्याची वाट बघू नका. कुणाकुणाला चावी सापडली ते मला जरूर कळवा.